सहा गठ्ठे आणि एक मोबाईल

नाशिकरोडला १९२५ साली भारत प्रतिभूती मुद्रणालय उभे राहिले आणि तीन वर्षांनी त्याच परिसरात चलार्थपत्र मुद्रणालय सुरू झाले. टपालाची तिकिटे, मुद्रांक, पारपत्रे, चलनी नोटा अशा ज्या कागदांवर या देशाचा व्यवहार चालतो, ते कागद पिढ्यान् पिढ्या या गावात छापले गेले. कागदाला किंमत कशाने येते हे नाशिककरास निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच गावात आता कागदाचे दप्तर खिशातल्या मोबाईलमध्ये येऊन बसले आहे. जातीचा दाखला, गुणपत्रिका, सातबाराचा उतारा, बदलीचा आदेश, दवाखान्याची चिठ्ठी या साऱ्यांची छायाचित्रे त्या यंत्रात साठतात. वर्गाचे टाचण त्यातच लिहिले जाते, बैठकीचे मुद्दे त्यातच टिपले जातात आणि वाण्याची यादीही त्यातच होते. ही कामे करणारी ॲप दर वर्षा-दोन वर्षांनी कात टाकतात. एके सकाळी उघडून पाहावे तो कालपर्यंत डाव्या हाताला असलेले बटण नाहीसे झालेले असते, जुन्या टिपणांचा क्रम उलटा झालेला असतो आणि वापरणाऱ्यांच्या सोयीसाठीच हे सारे केले, असे एक प्रसन्न निवेदन वर झळकत असते. ही सोय कोणाला विचारून ठरविली, हा प्रश्न शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांनी आता विचारावयास हवा. या फेरमांडणीचा भार शेवटी त्यांच्याच माथी येतो.

तयार करणाऱ्या कंपन्या यावर सांगतील की, आम्ही वापरणाऱ्यांचा अभ्यास करूनच बदल करतो. ते अगदीच खोटे नाही. अशा अभ्यासाचे आता एक शास्त्र झाले आहे, तो करणारे पगारी तज्ज्ञ आहेत. तथापि अभ्यास कोणाचा आणि कोणत्या रीतीने केला, यावर सर्व काही अवलंबून असते. प्रश्नावली पाठवून पाचपैकी किती गुण देता असे विचारणे ही सर्वांत स्वस्त रीत. म्हणूनच ती सर्वांत लोकप्रिय आहे. आपल्याकडे तर तिचा उपयोग जवळजवळ शून्य. लॅपटॉप घेऊन आलेल्या परक्या माणसाने तालुक्याच्या कार्यालयात एखाद्या कनिष्ठ लिपिकास ‘हे ॲप कसे वाटते?’ असे विचारले, तर ‘चांगले आहे, साहेब’ याखेरीज दुसरे उत्तर त्याला मिळणार नाही. आलेल्या पाहुण्यास नाउमेद करू नये हा संस्कार त्यात आहे, आणि उद्या आपले नाव वरिष्ठांच्या कानावर गेले तर काय, ही धास्तीही आहे. शिवाय जमत नसल्याचा दोष माणूस यंत्राकडे न देता स्वतःकडे घेतो. ‘आम्हांला एवढे कळत नाही’ हे वाक्य ऐकून जो अभ्यासक वहीत ‘प्रशिक्षणाची गरज’ अशी नोंद करतो, त्याने कामाच्या पहिल्याच पायरीवर चूक केलेली असते.

या बाबतीत एक जुनी हकीकत उद्बोधक आहे. ज्या कंपनीच्या नावावरून आपण छायाप्रतीला सरसकट ‘झेरॉक्स’ म्हणू लागलो, त्याच कंपनीच्या अमेरिकेतील पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९८० च्या दशकाच्या आरंभी लूसी सकमन या मानववंशशास्त्राच्या अभ्यासिका काम करीत होत्या. एक नवे छायाप्रत यंत्र गिऱ्हाइकांना फार अवघड वाटते, अशा तक्रारी येत होत्या. सकमन यांनी कोणासही मत विचारले नाही. त्यांनी लोकांना जोडीजोडीने यंत्रासमोर उभे केले, प्रती काढावयास सांगितले आणि त्यांचे आपसातले बोलणे चित्रफितीवर टिपले. कागदाच्या दोन्ही बाजूंवर प्रत काढण्याच्या साध्या कामात गोंधळून गेलेल्या त्या मंडळींत ॲलन न्यूवेल यांच्यासारखे संगणकशास्त्रातील अग्रगण्य विद्वानही होते. म्हणजे अज्ञान माणसाचे नव्हते. माणूस कामाला कसा हात घालील, याविषयी यंत्र रचणाऱ्यांनी करून घेतलेली समजूत चुकीची होती. सकमन यांचा यावरील ग्रंथ १९८७ साली निघाला आणि या विषयाच्या अभ्यासक्रमांत तो आजही वाचला जातो. सांगणे ऐकू नका, करणे पाहा, एवढाच त्याचा मथितार्थ घेतला तरी पुष्कळ झाले.

आता हे पाहणे नाशिकच्या एखाद्या सरकारी कचेरीत करावयाचे ठरले तर काय दिसेल? पहिली गोष्ट ही दिसेल की, ज्याला कागद लावता येत नाहीत असे समजून त्याच्यासाठी नवी मांडणी शोधली जात आहे, त्या कारकुनाकडे मांडणीची स्वतःची पद्धत फार पूर्वीपासून आहे. महाराष्ट्राच्या कार्यालयांत तिला सहा गठ्ठा पद्धत म्हणतात. पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा, म्हणजे ज्यांवर आपण स्वतः कार्यवाही करावयाची आहे त्यांचा. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा. येथे आपले काम झालेले असते आणि दुसऱ्या कोणाच्या उत्तराची वाट पाहावयाची असते. तिसरा नियतकालिक विवरणांचा, चौथा स्थायी आदेशांचा, पाचवा अभिलेख कक्षाकडे पाठवावयाच्या कागदांचा आणि सहावा ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे मुदत संपताच नष्ट करावयाच्या कागदांचा. अभिलेखांची वर्गवारीही तशीच पक्की असते. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग ३० वर्षांचा, त्याखालचे उतरत्या मुदतीचे.

ही पद्धत सर्वत्र नीट पाळली जाते असे कोणी म्हणणार नाही. धूळ खात पडलेल्या गठ्ठ्यांचे दर्शन ज्याला घडलेले नाही, असा नागरिक विरळा. परंतु तिच्यामागचा विचार पाहावा. विषय कोणता याला तीत महत्त्व नाही. कागदाचे पुढे काय करावयाचे आहे आणि तो किती काळ जपावयाचा आहे, यावर सगळी विभागणी उभी आहे. आपल्या मोबाईलमधील टिपणांची आणि कागदपत्रांची ॲप याच्या नेमकी उलट चालतात. ती विषयांचे कप्पे देतात, रंग देतात, तारखेचा क्रम देतात. पण ‘उत्तराची वाट पाहतो आहे’ असा कप्पा आपण होऊन देत नाहीत, आणि अमुक तारखेनंतर हा कागद आपोआप काढून टाक, अशी सोय तर दिव्याने शोधावी लागते. सहाव्या गठ्ठ्याचा अभाव विशेष जाणवतो. कोणा परीक्षार्थ्याच्या आधार कार्डाचे छायाचित्र अर्ज भरून झाला तरी लिपिकाच्या खासगी फोनमध्ये चार-चार वर्षे पडून राहते, त्याचे कारण लिपिकाचा निष्काळजीपणा एवढेच नाही. नष्ट करणे हेही दप्तराचे एक रीतसर काम आहे, हे ते ॲप रचणाऱ्याच्या ध्यानीच आलेले नसते. कचेरीतल्या एका टेबलापाशी दोन दिवस बसलेल्या अभ्यासकाला हे कोणी न सांगता दिसले असते.

शिक्षकांचे टाचण हे असेच दुसरे उदाहरण. वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि त्यातून उतरणारे दैनिक टाचण ही एक साखळी आहे. तिच्यावर मुख्याध्यापकांची स्वाक्षरी व्हावी लागते आणि गेल्या वर्षीच्या टाचणाशी तिचे नाते असते. कोरे पान आणि लुकलुकणारी रेघ एवढेच देणाऱ्या ॲपला यांपैकी काहीच माहीत नसते. मग शिक्षक काय करतात? वहीवर हाताने लिहितात, पानाचे छायाचित्र काढतात आणि गटावर पाठवितात. विद्यार्थ्यांचीही तीच तऱ्हा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा फळ्याचे छायाचित्र घेतो, मित्राच्या वहीची पाने स्कॅन करतो आणि त्यातून तयार झालेल्या शेकडो फायलींना यंत्राने दिलेली तारखेची आणि आकड्यांची नावे तशीच राहतात. परीक्षेच्या आदल्या रात्री पंचायत राजवरचे टिपण कोणत्या आकड्याखाली दडले आहे, हे शोधण्यात अर्धा तास जातो.

लोक मात्र यावर आपल्या परीने वाट काढतात आणि अभ्यासकाने खरे म्हणजे या वाटाच शोधीत हिंडावे. व्हॉट्सॲपवर दोघांचा गट करावयाचा, दुसऱ्याला लगेच काढून टाकावयाचे आणि उरलेल्या एकट्याच्या गटात आपले कागद, हिशेब, आठवणी टाकीत जावयाचे, ही युक्ती आपल्याकडे कितीतरी जणांनी वर्षानुवर्षे वापरली. तिचा शोध कोणत्याही प्रयोगशाळेत लागला नव्हता. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सॲपने स्वतःलाच संदेश पाठविण्याची अधिकृत सोय दिली. लोकांनी आडवाटेने जी टिपणवही तयार केली होती, तिच्यावर कंपनीने उशिरा शिक्कामोर्तब केले, एवढाच याचा अर्थ.

भाषेचा प्रश्न याहून बिकट आहे. पडद्यावरचे शब्द मराठीत केले की ॲप मराठी झाले, असा एक समज आहे. साठीच्या दशकात शासनाचा पदनाम कोश निघाला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून संभावना केली होती. त्या कोशातले पुष्कळ शब्द पुढे रुळले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु ते रुळले ते रोजच्या वापराने आणि पाट्यांवर वर्षानुवर्षे राहिल्याने. येथे ‘जतन करा’, ‘सामायिक करा’ ही बटणे अनुवादकाने यादी समोर ठेवून तयार केलेली असतात. कोणता शब्द कोणत्या पडद्यावर येणार हे त्यालाही ठाऊक नसते. टिपण, टिपणी, नस्ती, मसुदा, आवक-जावक हे कचेरीतले जिवंत शब्द मात्र त्यांत शोधूनही सापडत नाहीत.

लिहिण्याची अडचण तर त्याही आधीची. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोबाईलसाठी ‘स्वरचक्र’ हा कळफलक तयार केला. व्यंजनावर बोट टेकताच त्याभोवती बाराखडीचे चक्र उघडते, ही त्याची कल्पना. मराठी मुलाच्या डोक्यात बाराखडी ज्या रचनेने बसलेली असते तीच रचना कळफलकाला द्यावी, हा विचार त्यामागे होता. आणि नवशिक्या माणसांना प्रत्यक्ष लिहावयास बसवून त्याची परीक्षा घेण्यात आली. वापरणाऱ्याचा अभ्यास म्हणजे काय, याचा हा आपल्याच राज्यातला नमुना आहे. टिपणांच्या ॲपचे काम कळफलकापाशी संपत नाही. ‘शाळा’ हा शब्द कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमन अक्षरांत. ‘परिक्षा’ लिहिणारे पुष्कळ, ‘परीक्षा’ लिहिणारे त्या मानाने थोडे. इंग्रजीत एखादे अक्षर चुकले तर ‘तुम्हांला हे म्हणावयाचे होते काय?’ असे नम्रपणे विचारणारी यंत्रे मराठीतल्या ऱ्हस्व-दीर्घापुढे निर्विकारपणे ‘काही सापडले नाही’ म्हणतात. टिपण असते, पण सापडत नाही. आणि न सापडणारे टिपण नसल्यातच जमा.

एवढ्याने काय बिघडते, असे कोणास वाटेल. वाण्याची यादी सापडली नाही तर फारसे बिघडत नाही हे खरे. परंतु नोंद ठेवणारे ॲप जेव्हा हक्काचा आधार बनते तेव्हा काय होते, याचा अनुभव नाशिक जिल्ह्याने घेतला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद करणे हे तोवर तलाठ्याचे काम होते, ते शेतकऱ्याच्या मोबाईलवर आले. कल्पना चांगली होती. आपल्या शेतात काय उभे आहे हे शेतकऱ्याहून अधिक कोण जाणतो? परंतु पहिल्या आवृत्तीत केलेली चूक शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता येत नव्हती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ४८ तासांत एकदा दुरुस्ती करण्याची मुभा, गटाच्या सीमेबाहेर उभे राहून छायाचित्र काढल्यास इशारा, मदतीचे बटण अशा सुधारणा झाल्या. त्या तक्रारींमधून आल्या आणि त्याबद्दल महसूल खात्याला श्रेय दिले पाहिजे. पण माणसाच्या हातून चूक होते आणि ती त्याला दुरुस्त करावीशी वाटते, हे कळण्यासाठी राज्यभरच्या शेतकऱ्यांचा एक संपूर्ण हंगाम खर्ची पडावयास नको होता. चार गावांतील चार बांधांवर ते कळले असते.

यानंतर २०२३ साली कांद्याचे भाव कोसळले. सरकारने क्विंटलला ३५० रुपये, प्रत्येक शेतकऱ्यास २०० क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान जाहीर केले. आणि सातबारावर ई-पीक पाहणीतील कांद्याची नोंद असावी अशी अट घातली. ज्यांनी कांदा पिकविला, विकला, ज्यांच्याकडे बाजार समितीची पावतीही होती, त्यांतील कित्येकांच्या उताऱ्यावर ती नोंद नव्हती. रेंज नव्हती, फोन साधा होता, मुलगा गावी नव्हता, ही कारणे कोणत्याही रकान्यात बसत नाहीत. कांद्याच्या या जिल्ह्यात त्यावर गदारोळ झाला आणि अखेर गावपातळीवरील समितीच्या पडताळणीचा पर्याय द्यावा लागला. एका न झालेल्या नोंदीची किंमत घरटी ७० हजार रुपयांपर्यंत जाऊ शकत होती. वापरणाऱ्याचा अभ्यास ही शोभेची बाब आहे असे मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

त्याच २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले होते. बालकांचे वजन, उंची, आहार यांच्या ज्या नोंदी त्या रजिस्टरांत मराठीत लिहीत आल्या होत्या, त्या आता इंग्रजी पडद्यावर, अपुऱ्या क्षमतेच्या फोनमध्ये भरावयाच्या होत्या. पोषण ट्रॅकर हे ते ॲप. त्यात पुढे मराठी आली. रजिस्टरात कोणती ओळ आधी लिहिली जाते आणि का, हे सेविकेखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. तिला मात्र विचारले गेले ते आंदोलन झाल्यावर.

काम करणाराच आपल्या कामाचा तज्ज्ञ असतो, हे काही केवळ आंदोलकांचे म्हणणे नाही. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये १९८१ ते १९८५ या काळात ‘युटोपिया’ नावाचा एक प्रकल्प झाला. वृत्तपत्रांच्या छपाई विभागात संगणक येऊ घातला होता. तेथील मुद्रण कामगारांच्या संघटना आणि संशोधक एकत्र बसले आणि पुठ्ठ्याचे व लाकडाचे लुटुपुटीचे संगणक करून, त्यांच्यासमोर पाने लावून पाहून, आपल्याला कोणती साधने हवीत हे कामगारांनीच ठरविले. संगणकाला विरोध नव्हता. तो आपल्या कौशल्याचा नोकर व्हावा, मालक होऊ नये, एवढाच आग्रह होता. आपल्याकडे शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना पुष्कळ आहेत. वेतनश्रेणी आणि बदल्या यांच्याबरोबर, ज्या ॲपमध्ये आपल्या सभासदांचे रोज दोन-दोन तास जातात त्यांच्या रचनेचा विषयही त्यांनी एखाद्या अधिवेशनात घ्यावयास हरकत नाही.

नाशिकला याची सुरुवात करणे अवघड जाऊ नये. मूळचे नाशिककर आणि अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने २०१४ पासून येथे ‘कुंभथॉन’ भरले. २०१५ च्या सिंहस्थाच्या अडचणींवर तरुणांनी उपाय शोधावेत, असा त्याचा उद्देश होता. गर्दीची पावले मोजणारी चटई एका शाळकरी मुलाने केली, तीही याच वातावरणात. टाटा कन्सल्टन्सीच्या प्रतिष्ठानाचे ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे केंद्र नाशिकमध्ये निघाले ते याच धाग्याने. १९८९ पासून येथे मुक्त विद्यापीठ आहे; नोकरी सांभाळून रात्री अभ्यास करणारे, म्हणजे ज्यांना टिपणवहीची सर्वाधिक गरज आणि वेळ सर्वांत कमी, असे विद्यार्थी त्याच्या अभ्यासकेंद्रांतून राज्यभर पसरलेले आहेत. आता पुढच्या सिंहस्थाच्या निमित्ताने नव्या ॲपांच्या घोषणा होत राहतील. त्यांतली निदान एक-दोन तरी पडद्यापासून सुरू न होता टेबलापासून सुरू व्हावीत.

त्यासाठी हजारो माणसांची पाहणी लागत नाही. या शास्त्रातील एक प्रसिद्ध अंदाज असा की, पाच माणसांना काम करताना नीट पाहिले तरी बहुतेक ठळक दोष उघडे पडतात. फक्त ती पाच माणसे एकाच महाविद्यालयाच्या उपाहारगृहातून उचललेली नसावीत. सुरगाण्याच्या आश्रमशाळेतील शिक्षक, न्यायालयातील लिपिक, पेठ तालुक्यातील सेविका, वडिलांच्या फोनवर अभ्यास करणारी मुलगी आणि अभ्यासिकेत दिवस काढणारा परीक्षार्थी, अशी पाच टेबले निवडली तर चित्र निराळे दिसेल. या माणसांच्या वेळेचा रास्त मोबदला द्यावा. चहा पाजून दोन तास घेणे हा अभ्यास नव्हे. त्यांच्या फोनमध्ये इतरांचे आधार क्रमांक आणि दाखले असतात, तेव्हा पाहणाऱ्याने काय पाहावे आणि काय टिपू नये, हे आधी लेखी ठरावे. २०२३ साली वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला आहेच. आणि अभ्यासातून काय निघाले ते त्याच पाच जणांना मराठीत कळवावे. आजवर हे बहुधा कोणाच्या मनात येत नाही.

राहिला मुद्दा मालकीचा. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत कॅमस्कॅनर होते. शाळा-महाविद्यालये बंद होती आणि उत्तरपत्रिका, दाखले, अर्ज सारे स्कॅन करूनच पाठवावे लागत होते, तेव्हाची ही गोष्ट. बंदी योग्य की अयोग्य हा येथे प्रश्न नाही. रोजच्या कामाचे एक साधन एका आदेशाने गेले आणि त्यात रचून ठेवलेले दप्तर दुसरीकडे कसे न्यावे, ही विवंचना ज्याची त्याने सोडवावयाची होती. २०२३ च्या डिसेंबरात एव्हरनोट या जगप्रसिद्ध टिपणवहीने फुकट वापरणाऱ्यांवर ५० टिपणांची मर्यादा घातली; तेथे कोणाही सरकारचा आदेश नव्हता, कंपनीचा हिशेब होता. सरकारी कचेरीतून नस्ती बाहेर न्यावयाची तर जावक क्रमांक पडतो, नोंदवहीत सही होते, आणि कागद कोठून कोठे गेला हे दहा वर्षांनीही सांगता येते. आपली सगळी टिपणे एकत्र, वाचता येतील अशा स्वरूपात, देवनागरी अक्षरे न बिघडता बाहेर काढून देणारे बटण पहिल्याच पडद्यावर असावे, ही मागणी पाचही टेबलांवरून येईल असे वाटते. पण तेथेही विचारू नये. ‘तुमचे सगळे कागद या फोनमधून त्या फोनमध्ये न्या’ एवढेच त्यांना सांगावे आणि बाजूला बसून पाहावे.